सासूबाई आणि अठरा जून

जगातल्या बहुतेक मोठ्या लढाया माझ्या सासूबाईंना विचारून झाल्या असाव्यात, असं मला लग्नानंतरची पहिली काही वर्षं अगदी मनापासून वाटत असे. कोणती लढाई कुठं झाली, सकाळी सुरू झाली की उन्हं चढल्यावर, कोणाचा घोडा कुठल्या ओढ्यात अडला आणि कोणाची रसद कुठं तुटली, हे सगळं त्या अशा काही खात्रीनं सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं, या त्या दिवशी डबा घेऊन तिथं गेल्या होत्या आणि दिवेलागणीला घरी परत आल्या. मुलुंडला आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत सकाळी चहा उकळायला लागला की त्या ओट्याशी येऊन उभ्या राहत आणि दुधाचं पातेलं उघडता उघडता म्हणत, "आज प्लासी." मग चहा गाळून होईपर्यंत प्लासीचा निकाल लागलेला असे.

सालाचं त्यांना विशेष काही नव्हतं. ते त्यांना पाठ असे, पण विचारल्याशिवाय त्या सांगत नसत. त्यांचा जीव तारखेत. याचं कारण असं, की उभी नोकरी त्यांनी पोस्टात केली, आणि त्यातली सुरुवातीची बरीच वर्षं शिक्के मारण्यात. रोज सकाळी गेल्या गेल्या पहिलं काम म्हणजे शिक्क्यातली कालची तारीख काढून आजची बसवायची, आणि मग दुपारपर्यंत तीच तारीख कार्डांवर, पाकिटांवर, अंतर्देशीय पत्रांवर ठप्प ठप्प उमटवत राहायची. "दिवसभर एकच तारीख हातात धरून बसायचं म्हणजे कंटाळा येतो गो," त्या सांगत. "मग मी विचार करायचे, आजच्या दिवशी आणखी कोण कोण काय काय करत होतं." रद्दीच्या दुकानातून आणलेल्या इतिहासाच्या पुस्तकांतून त्यांना कळलं, की बहुतेक तारखांना कोणीतरी कोणाशी तरी लढतच होतं. पुढं त्यांना खिडकीवर बसवलं, तिकिटं विकायला दिली, मनीऑर्डरी दिल्या, पण लागलेली सवय काही सुटली नाही.

आमच्या लग्नाची तारीख ठरवायला माझे वडील मालाडहून आले, तेव्हा त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. लग्न नोंदणी पद्धतीनं करायचं ठरलं होतं आणि कचेरीतून सोळा डिसेंबर मिळत होती. वडील जरा घुटमळले. म्हणाले, "धनुर्मास लागतो हो. पुढची बघू या का एखादी?" सासूबाई म्हणाल्या, "सोळा डिसेंबर सोडायची नाही. त्या दिवशी ढाक्याला त्र्याण्णव हजार माणसांनी शस्त्रं खाली ठेवली. माझा मुलगा एकटा काय करणार आहे?" वडिलांना हा विनोद आहे की व्यवहार, ते कळेना. परत जाताना ते जिन्यात मला हळूच म्हणाले, "घर चांगलं आहे. फक्त बाई लष्करात होत्या का, ते विचारायचं राहिलं."

लष्करात त्या नव्हत्या, पण घर मात्र त्या छावणीसारखं चालवत. जून महिना आला की काड्यापेट्या घट्ट झाकणाच्या डब्यात जात, कारण प्लासीला नबाबाची तोफेची दारू पावसात भिजली आणि बंगाल गेला. कांदे-बटाटे कधी एका टोपलीत नसत, कारण सगळी रसद एका ठिकाणी ठेवायची नसते. माझ्याशी त्यांचं वाजतही असे. मी काही फार गरीब सून नव्हते, आणि त्या काही साखरेच्या सासूबाई नव्हत्या. पण भांडण झालं की संध्याकाळी त्या तहाला येत. तह म्हणजे खरोखरच तह; त्यात कलमं असत. "कणीक मी मळीन, भाजीत तू बोलायचं नाही. आमटीत तू, मी बोलणार नाही. मान्य?" मी मान्य म्हटलं की त्या समाधानानं खुर्चीत बसत. माझा नवरा विक्रोळीच्या एका कारखान्यात पाळीवर जाई. घरी आला की दारातूनच विचारी, "आज लढाई की तह?" आणि त्याप्रमाणे चपला काढी.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं मात्र आम्हाला टेन्शन असे, कारण चौदा जानेवारी म्हणजे पानिपत. बायका नटूनथटून यायच्या, काळ्या साड्या, हातात वाण, आणि सासूबाई एका हातानं तिळगूळ देता देता सांगायच्या, की आजच्या दिवशी आपल्या माणसांच्या पोटात कित्येक दिवस धड अन्न नव्हतं, आणि तरी ती सकाळी रणात उतरली. त्या इतक्या कळवळून सांगत, की तोंडापर्यंत गेलेला लाडू बायका परत ताटलीत ठेवत. मी आतून डोळ्यांनी खुणा करी. मग त्यांच्याही लक्षात येई आणि त्या वातावरण सावरायला म्हणत, "पण चौदा जानेवारीला इटलीत रिव्होलीला फ्रेंचांनी काय छान लढाई मारली. खा ना, खा." रिव्होलीच्या आनंदात कोणी लाडू खाल्ल्याचं मला आठवत नाही.

एका वर्षी सोसायटीची सभा नेमकी एकवीस ऑक्टोबरला आली. विषय पाण्याचा होता. वरच्या मजल्यांना संध्याकाळचं पाणी येत नव्हतं आणि आमचे सेक्रेटरी दर सभेला लांबलचक बोलून विषय संपवून टाकत. त्या दिवशी सकाळीच सासूबाईंनी वरच्या मजल्यांवरच्या बायका गोळा केल्या आणि सांगितलं, "आज ट्रॅफल्गार आहे, इंग्रजांनी समुद्रात मारलेली लढाई. समोरासमोर रांगेत उभं राहून भांडायचं नाही. दोन तुकड्या करायच्या आणि त्यांची रांग मधून तोडायची." तळमजल्यावरच्या ज्या खोलीत सभा असे, तिला दोन दारं होती. एका दारानं पाच-सहाजणी शिरल्या, दुसऱ्या दारानं तितक्याच, आणि सेक्रेटरी व त्यांचे पाठीराखे यांच्या मधल्या खुर्च्यांवर जाऊन बसल्या. सेक्रेटरी बोलायला उभे राहिले तर मान हलवणारं कोणी जवळ नाही. त्यांचं भाषण दोन वाक्यांत आटपलं, आणि त्या आठवड्यापासून आम्हाला संध्याकाळचं पाणी यायला लागलं.

अशा गोष्टींमुळं बिल्डिंगीत एक चमत्कारिक समजूत पसरली, की तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना तारखांतलं कळतं. समोरच्या गुजराती बेन तर त्यांना पंचांगच मानायच्या. त्यांच्या मुलाला घाटकोपरला चष्म्याचं दुकान काढायचं होतं. बेन आल्या आणि म्हणाल्या, "माजी, पाच नवंबर कैसा है?"

"पाच नोव्हेंबर? पानिपतची दुसरी लढाई," सासूबाई म्हणाल्या. "एक माणूस जिंकत आला होता बघा. डोळ्यात बाण लागला आणि हातातली लढाई गेली."

"डोळ्यात?" बेननी विचारलं.

"डोळ्यात."

बेन प्रसन्न चेहऱ्यानं घरी गेल्या. ज्या दिवशी एवढा मोठा माणूस डोळ्यापायी हरला, त्या दिवसापेक्षा चष्म्याच्या दुकानाला चांगला दिवस कुठला, असा त्यांनी हिशेब केला असावा. दुकान पाच नोव्हेंबरला उघडलं आणि झकास चाललं. पेढे घेऊन त्या आल्या तेव्हा सासूबाई वैतागल्या. दार लावून मला म्हणाल्या, "मी काय झालं ते सांगते. ह्यांना काय होणार ते हवं असतं. ते मला कुठलं ठाऊक?" पेढे मात्र चांगले होते.

सगळ्या वर्षात त्यांची लाडकी तारीख एकच होती, अठरा जून. लग्नानंतरच्या पहिल्याच जूनमध्ये मला ते कळलं. त्या दिवशी चहाला त्यांनी वेलची घातली होती. मी विचारलं, "आज काय विशेष?" तर म्हणाल्या, "आज एकाच तारखेला तीन. अशी श्रीमंत तारीख शोधून सापडायची नाही." मग हळदीघाट, वॉटर्लू आणि झाशीच्या राणीची ग्वाल्हेरजवळची शेवटची लढाई, अशा तिन्ही त्यांनी ओळीनं सांगितल्या. हळदीघाटाची तारीख काही पुस्तकांत एकवीस दिली आहे असं मला पुढं कळलं. ती पुस्तकं सासूबाईंच्या कपाटात नव्हती.

पुढच्या वर्षी अठरा जूनला मला सातवा महिना होता. सकाळी पुन्हा वेलचीचा चहा झाला. सासूबाई भलत्या खुशीत होत्या, माझ्या पोटाकडं बघून म्हणाल्या, "ऐक रे तूही," आणि तिन्ही लढाया नव्यानं सांगितल्या. दुपारी माझ्या पोटात दुखायला लागलं. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. मुलगा होता. त्याबद्दल मी याहून जास्त कधी बोलले नाही, आणि आताही बोलत नाही.

पुढचे काही महिने मी घरात नुसती वावरत होते. सासूबाईंनी मला कणकेतलं, भाजीतलं, आमटीतलं काही सांगितलं नाही. तह करायला भांडणच होत नव्हतं. दिवाळीनंतर एकदा मी सकाळी उठून ओट्याशी गेले, तेव्हा त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "आज सुट्टीचा दिवस. अकरा नोव्हेंबर. पहिलं महायुद्ध थांबलं. सगळे तोफा टाकून घरी गेले." आणि माझ्यापुढं चहा ठेवला. तिथून हळूहळू आमच्या सकाळी परत सुरू झाल्या. पानिपत झालं, प्लासीची वेळ जवळ आली, काड्यापेट्या डब्यात गेल्या.

मग अठरा जून आली. मी उठले, पण ओट्याशी न जाता अंथरुणांच्या घड्या घालत बसले. शेवटी गेले. सासूबाई पातेल्याकडं बघत उभ्या होत्या. चहात वेलची नव्हती. मला बघून म्हणाल्या, "आज गॅसचा नंबर लावायला हवा." इतकंच. मी थोडा वेळ थांबले. त्या ओटा पुसत राहिल्या. एरवी ज्या बाईला सणासुदीलासुद्धा पानिपत आवरत नसे, तिनं आपली वर्षातली सगळ्यात मोठी तारीख माझ्यासाठी मुकाट्यानं गिळली होती. मी म्हटलं, "हो, लावते नंबर." आणि आम्ही दोघींनी चहा घेतला.

त्याच वर्षी मला पुन्हा दिवस राहिले. या खेपेला सगळं जपून चाललं होतं. जुलैच्या सुरुवातीची तारीख डॉक्टरीणबाईंनी दिली होती, त्यामुळं मी निश्चिंत होते, जून तेवढा उलटून गेला की झालं. पण जूनच्या मध्यावर माझे पाय सुजले, डोकं जड व्हायला लागलं. सतरा तारखेला दुपारी तपासायला गेले तर त्यांनी तिथंच ठेवून घेतलं. आमच्या घराजवळचंच लहानसं प्रसूतिगृह होतं ते. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा येऊन तपासलं, म्हणाल्या, "रक्तदाब वाढतोय. बाळाला आता जास्त आत ठेवण्यात अर्थ नाही. उद्या सकाळी ऑपरेशन करू."

मी म्हटलं, "उद्या नको. परवा करा."

"परवापर्यंत थांबणं बरोबर नाही."

"मग आज करा. आत्ता करा. उद्या नको."

बाई माझ्या नवऱ्याकडं बघायला लागल्या, तो खिडकीबाहेर बघायला लागला. त्यालाही तारीख माहीत होती. बाईंना वाटलं, हा मुहूर्ताचा हट्ट आहे. त्या बाहेर बाकावर बसलेल्या सासूबाईंना म्हणाल्या, "आजी, तुमच्या सुनेला समजवा जरा. हल्ली शिकलेल्या मुलीसुद्धा पंचांग घेऊन येतात."

सासूबाई आत आल्या. माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "तू चहा घेऊन ये." तो गेल्यावर त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि त्यांनी माझ्या सुजलेल्या पायांवर चादर सारखी केली. मग म्हणाल्या, "तारीख वाईट नसते गो."

"तुम्हीच सांगता की लोकांना."

"मी काय झालं ते सांगते. पुढचां माका कळणा नाय," त्या म्हणाल्या. फार गलबलल्या की त्यांच्या बोलण्यात मालवणी येत असे. "त्या दिवशी मी सकाळी सगळं हौसेनं सांगितलं. तीन लढाया. त्या लेकराला पण ऐक म्हटलं. आणि दुपारी तुला घेऊन धावलो. तेव्हापासून मलाच वाटतंय, माझ्या तोंडानं आलं ते. कोणाला सांगितलं नाही मी."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. मागच्या वर्षी त्या ओटा पुसत राहिल्या, ते मी माझ्यासाठी समजले होते. त्यांनाही काही टोचत असेल असं मनात आलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "नाही हो आई. तुमच्या तोंडानं कसं येईल?"

"नाही ना?" त्यांनी विचारलं. लहान मुलीनं विचारावं तसं विचारलं. मग डोळे पुसून त्या जरा सरळ बसल्या. "मग तारखेनंही नाही आलं. हे बघ. मी पोस्टात शिक्के मारत होते तेव्हा समोर ढीग असायचा. त्यात कोणाची लग्नपत्रिका, कोणाचं बारशाचं कार्ड, कोणाच्या मयताचं. सगळ्यांवर मी एकच शिक्का मारायचे. तीच तारीख. शिक्क्याला काय ठाऊक आत काय लिहिलंय? हळदीघाटात लढत होते त्यांना वॉटर्लू कुठं आहे ते माहीत नव्हतं. वॉटर्लूच्या चिखलात पडले होते त्यांना ग्वाल्हेर माहीत नव्हतं. तारीख तेवढी एक. कोणाचं कोणाला लागत नाही. आपलं ते एक पोर गेलं, ते त्या सालचं. त्याचं त्याच्यापाशी राहू दे. उद्याचं जे आहे ते वेगळं माणूस आहे. त्याला कशाला थांबवतेस?"

मी रडले, त्याही रडल्या. नवरा चहा घेऊन आला आणि दारातच थांबला. सासूबाईंनी त्याला सांगितलं, "बाईंना सांग, उद्या चालेल."

सकाळी धो धो पाऊस होता. नर्सनं सगळी तयारी करून ठेवली, पण रस्त्यात पाणी भरल्यामुळं डॉक्टरीणबाई अजून यायच्या होत्या. मला ऑपरेशनच्या खोलीबाहेर ढकलगाडीवर आणून ठेवलं होतं. मी छताकडं बघत पडून होते. सासूबाई शेजारी उभ्या होत्या, माझ्या कपाळावरचे केस मागं करत होत्या. मी म्हटलं, "आई, आज काय झालं होतं?"

त्यांचा हात थांबला. "सांगू?"

"सांगा."

"वॉटर्लूला आदल्या रात्रभर असाच पाऊस होता," त्या म्हणाल्या. "एवढा चिखल, की तोफा जागच्या हलेनात. जमीन सुकायची वाट बघत बसले सगळे. सकाळची लढाई जवळजवळ दुपारी सुरू झाली. तेव्हा आपल्या बाईंना थोडा उशीर झाला तर घाबरायचं कारण नाही." त्या पुढं सांगत राहिल्या, डावीकडं कोण होतं, उजवीकडं कोण, टेकडीमागं कोण दडलं होतं. नर्ससुद्धा हातातलं काम टाकून ऐकायला लागली. बाई भिजलेल्या छत्रीसह आल्या तेव्हा लढाई ऐन रंगात होती. मला आत नेताना सासूबाई गाडीबरोबर दारापर्यंत चालत आल्या. "पुढचं बाहेर आल्यावर," त्या म्हणाल्या.

पुढचं मी ऐकलं नाही, कारण शुद्धीवर आले तेव्हा त्यांना वॉटर्लूची आठवणही नव्हती. त्या माझ्या तोंडाजवळ वाकून परत परत एकच सांगत होत्या, "मुलगी. रडते आहे, चांगली मोठ्यानं रडते आहे."

घरी जायच्या दिवशी नवऱ्यानं टॅक्सी आणली, रिक्षात हादरे बसतात म्हणून. मागं मी आणि सासूबाई, त्यांच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली मुलगी. पाऊस उघडला होता, रस्ता ओला होता. टॅक्सीवाला उत्तरेकडचा होता. त्यानं सवयीनं गाडी जरा जोरात काढली, तशा सासूबाई म्हणाल्या, "भैया, धीरे. कुछ घाई नहीं है." पुढच्या वळणावर पुन्हा, "धीरे, भैया." शेवटी तो बिचारा इतक्या सावकाश चालवायला लागला, की मागचे लोक हॉर्न वाजवून आम्हाला ओलांडून जाऊ लागले. एरवी असला उशीर झाला असता तर सासूबाईंनी त्यात काहीतरी इतिहास शोधला असता. त्या दिवशी मात्र मुलीच्या मुठीत आपलं बोट देऊन तिच्याकडं बघत बसल्या होत्या.

आज त्या नाहीत. मी त्यांचे आभार मानले का, तर नाही. आमच्या घरात आभार मानायची पद्धत नव्हती, आणि मी मानले असते तर त्यांनी मला ताप आला आहे का ते हात लावून बघितलं असतं. पण ती टॅक्सी मला आठवते. पाच-दहा मिनिटांचा रस्ता, आणि त्या तो संपूच देत नव्हत्या. इतक्या दिवसांची धास्ती अंगातून उतरत होती आणि डोळे मिटत होते. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. त्यांनी खांदा जरासा खाली केला, मला नीट टेकता यावं म्हणून, आणि घर येईपर्यंत मी तिथं झोपले.